तगर कुणी लावली?

पहाटेचे पावणेसहा वाजले असतील. बागेच्या फाटकाची कडी कुणीतरी हळूच काढली. आवाज होऊ नये अशा बेतानं काढलेल्या कडीचा आवाज जरा जास्तच ऐकू येतो. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी बागेवर उघडते. चहाचं आधण ठेवता ठेवता मी डोकावले तर तगरीपाशी एक म्हातारी. नऊवारी, डोक्यावर पदर, मनगटात अडकवलेली दुधाची रिकामी पिशवी आणि दोन्ही हातांनी फुलं खुडणं चाललेलं. घाई मात्र कसलीच नाही. आपल्या परसात आल्यासारखी ती एकेका फांदीला हात लावून वाकवत होती, कळ्या सोडून उमललेली तेवढीच घेत होती.

"ओ आजी, फुलं तोडायची नाहीत! पाटी दिसत नाही का?" मी वरूनच ओरडले.

ती दचकली नाही. मान वर करून म्हणाली, "पाटी दिसती की. वाचाय येत न्हाई." मग जरा थांबून, "आन् ही तगर मीच लावलीया. तुमी कुठल्या?"

तुमी कुठल्या! मी, त्या बागेची वही सांभाळणारी, वर्गणी गोळा करणारी, ती पाटी स्वतःच्या हातानं रंगवणारी. मी गॅस बारीक केला, जिन्यात एक चप्पल सापडेना ती शोधली आणि खाली गेले तोवर ती निघून गेली होती. फाटकाची कडी नीट लावलेली होती. कडीला पांढरा चीक लागला होता, बोटाला चिकटला. तगरीचं फूल खुडलं की देठातून दुधासारखा येतो तो.

दिवसभर तो चीक बोटावर होता. साबणानं गेला, तरी होता.

आमची वसाहत गुंठेवारीतली. आधी नकाशा आणि मग घरं असं इथं झालेलं नाही. आधी उसाचं रान, मग रानाचे तुकडे, मग स्टँप पेपरवर विकलेला एकेक गुंठा, ३३ बाय ३३ फूट, आणि सगळ्यांची घरं उठल्यावर मधे जी जागा उरली तिला रस्ता म्हणायचं. २००१च्या कायद्यानं कागद नियमित झाले. सांडपाण्याचा उतार मात्र कुठल्याच कायद्याला नियमित करता आला नाही. अशा ठिकाणी बागेला जागा कोण सोडणार? पण नाला जिथं वळतो तिथं एक तिरका तुकडा राहून गेला होता. दीड गुंठा भरेल न भरेल, कोपऱ्यात विजेचा डीपी. चौकोनी नसलेली जागा घ्यायला कुणी धजेना, वास्तुदोष लागतो म्हणे. म्हणजे आमची बाग वास्तुशास्त्राच्या कृपेवर उभी आहे. सात-बाऱ्यावर अजूनही मूळ शेतमालकांचंच नाव आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. वारस चार गावांत चार. त्यातल्या एकाला आम्ही फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काय करायचं ते करा, फक्त देऊळ बांधू नका. ते परत निघत नाही." एवढीच आमची परवानगी.

२०१२च्या मे महिन्यात सुरुवात केली. मुहूर्त वगैरे काही नाही. पोरांना सुट्टी होती आणि कचऱ्याला आग लागून डीपीची केबल जळाली होती, त्यामुळे दोन दिवस वीज नव्हती. पंखे बंद पडले की सांगलीतली माणसं रस्त्यावर येतात आणि रस्त्यावर आली की चर्चा करतात. त्या चर्चेतून खोरी आणि घमेली निघाली. दोन ट्रॉल्या घाण उपसली. मखरांचा थर्माकोल, नारळाच्या शेंड्या, फुटकं कमोड, सलूनमधल्या केसांची पोती. खाली काळी जमीन लागली. मेमधली आमची काळी म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. हात आत जाईल एवढ्या भेगा. एसटीतून निवृत्त झालेल्या अण्णांच्या स्कूटरची किल्ली त्यातल्या एका भेगेत पडली. तारेचे आकडे घालून, लोहचुंबक दोरीला बांधून सगळं करून पाहिलं. जूनमध्ये पाऊस झाला, भेग मिटली, किल्ली आत. अण्णा अजून म्हणतात, या बागेत माझी एक स्कूटर पुरलेली आहे.

पहिला पावसाळा गाजरगवत उपटण्यात गेला. हे गवत आपल्याकडं पहिल्यांदा १९५०च्या दशकात पुण्यात दिसलं, परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात, ही माहिती आम्हाला शेतकी शाळेतून निवृत्त झालेल्या सरांनी दिली. उपटताना दिली, आणि स्वतः न उपटता दिली. फुलावर यायच्या आत उपटा, मुळासकट उपटा, हाताला पिशव्या बांधा. आम्ही हाताला दुधाच्या पिशव्या बांधून उपटलं, तरी वहिनींच्या कोपरापर्यंत पुरळ आलंच. पण सरांमुळे एक झालं. दोन्ही बाजूंनी उंच हिरव्या अशोकाच्या रांगा लावायच्या असं जवळजवळ ठरलेलं होतं, मंगल कार्यालयासारख्या. ते त्यांनी मोडून काढलं. नाल्याकाठची जागा आहे, पाणी साचणार, तेव्हा नदीकाठी आपसूक येतात ती झाडं लावा म्हणाले. करंज लावा, जांभूळ लावा. आम्ही करंज आणि जांभूळ लावले, शिवाय त्यांचं न ऐकता कडुनिंबही लावला, कारण कडुनिंब नसलेली बाग ही काय बाग, असं बहुमत पडलं. गुढीला डहाळी कुठून आणायची?

बाकीची झाडं कशी आली ते सांगणं अवघड आहे. रोपवाटिकेतून पैसे देऊन आणलेली रोपं वहीत आहेत. पण जास्वंद, पारिजातक, कण्हेर, बेल, गवती चहा, ओवा, कोरफड ही मंडळी कुणाच्या तरी पिशवीतून, कुणाच्या तरी माहेराहून, कुणाच्या तरी तुटक्या कुंडीतून आली. एक दिवस बघावं तर वाफ्यात नवी काडी खोचलेली. ही कुणाची म्हणून विचारलं तर कुणीतरी सांगायचं, कुणीतरी नाही. कोपऱ्यावर राहणाऱ्या गवंडी मामांनी चार रविवार घालून एक कट्टा बांधला, वर कडाप्पा बसवला, आणि मजुरी म्हणून फक्त भडंगाचा पुडा घेतला, तोही तिथंच फोडून सगळ्यांत वाटला. त्या कट्ट्यावर संध्याकाळी बायका शेंगा सोलायच्या, मेथी निवडायच्या, देठ तिथंच आळ्यात टाकायच्या. रात्री पुरुष बसायचे. पूर कशानं येतो, अलमट्टीनं की कोयनेनं, यावर त्या कडाप्प्यावर जेवढा ऊहापोह झाला असेल तेवढा विधानसभेत झाला नसेल.

पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. त्यावरून भांडणंही झाली, अगदी बोलणं टाकण्यापर्यंत. कुणी पाइप सुरू ठेवून मालिका बघायला जायचं, कुणी फक्त आपल्या घरासमोरच्या वाफ्याला पाणी द्यायचं. एकदा दोघींच्या वादात जांभळाला एका दिवसात तीनदा पाणी मिळालं आणि बेलाला आठवडाभर थेंब नाही. पण मे महिन्यात रात्री नऊ वाजता तापलेल्या काळ्या मातीवर पाइप धरला की जो वास उठतो, त्यासाठी मी दुसऱ्यांच्या पाळ्याही केल्या आहेत. फुकट केल्या असं कुणी समजू नये.

मग २०१९चा ऑगस्ट.

आमच्याकडं पावसाळ्यात घड्याळात किती वाजले हे विचारत नाहीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं ते विचारतात. ४० फूट म्हणजे सामान वर उचला, ४५ म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आधी ते नाल्यातून उलटं आलं, अजिबात आवाज न करता, संडासाच्या भांड्यातून बुडबुडे काढत. आम्ही विश्रामबागला नणंदेकडं गेलो, गाठोड्यात कागदपत्रं आणि गॅसचं पुस्तक. काही घरं मिरजेला गेली, काही शाळांमध्ये. दहा-बारा दिवसांनी परतलो. घराचं जे झालं ते सगळ्यांच्या घराचं झालं तसंच, त्यावर काय लिहायचं. बाग मात्र मला ओळखूच आली नाही. सगळ्यावर एकच रंग चढला होता. पानं, कट्टा, फाटक, पोरांचा झोपाळा, सगळं गाळाच्या रंगाचं. करंजाच्या शेंड्याला कुणाची तरी साडी अडकलेली. वास असा की नाकाला बांधलेल्या ओढणीला चार धुण्यांनंतरही येत होता. आणि कडुनिंब, सात वर्षांचा, घराच्या गच्चीएवढा झालेला, उभा होता खरा, पण पुढच्या महिन्याभरात पान पान करून वाळला. मुळांना हवा लागते आणि काळ्या जमिनीत पाणी बसलं की हवेला वाट राहत नाही, सर म्हणाले. मी आधीच सांगितलं होतं, असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. करंज आणि जांभूळ जगले. पारिजातक गेला. तगरीचे वरचे शेंडे काळे पडले होते, ती गेलीच म्हणून आम्ही तिच्या खोडाला झाडू टेकवून ठेवायचो. दसऱ्याच्या सुमाराला बुडातून दोन कोंब आले, तेव्हा झाडू हलवला.

ज्याची चर्चा कट्ट्यावर कधीच झाली नाही ती एक गोष्ट त्या पुरानं केली. आमच्या वसाहतीतली निम्मी बिऱ्हाडं भाड्याची होती. मागच्या बाजूला पत्र्याच्या, एकेक खोलीच्या. हळदीच्या पेठेत हमाली करणारे, धुण्याभांड्याला जाणाऱ्या, कुणी वडापची जीप चालवणारे. आम्ही घरमालक गाळ उपसून परत राहायला लागलो, कारण आमचे गुंठे इथंच होते. त्यांचे नव्हते. त्यांनी चिखलातून भांडी धुऊन घेतली, टेम्पोत भरली आणि गेले, कुणी कुपवाडला, कुणी मिरजेला, कुणी गावाला. निरोप वगैरे घ्यायची ती वेळ नव्हती. पुढं नवे भाडेकरू आले, तेही २०२१च्या जुलैत परत पाणी आल्यावर गेले. बाग दुसऱ्यांदा उभी केली ती आम्ही मालकांनी. साहजिकच समितीच्या यादीत सगळे मालक आहेत. आम्ही कुणाला वगळलं नाही. वगळण्यासाठी आधी आठवावं लागतं.

दुसऱ्यांदा उभी केलेली बाग पहिल्यासारखी झाली नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. ती जास्त देखणी आहे. पेव्हिंग ब्लॉक आहेत, लोखंडी फाटक आहे, वर्गणी पाचशेची हजार झाली. वाफ्यांना विटांची तिरकी कड आहे आणि त्या विटा गेरू-चुन्यानं रंगवलेल्या आहेत. आता कुणी काडी आणून खोचत नाही. काय लावायचं ते बैठकीत ठरतं, मी इतिवृत्त लिहिते. आणि पाटी आहे. 'फुले तोडू नयेत. तोडल्यास ५० रुपये दंड.' पाटी लिहायचं कारण खरंच होतं. पहाटे फिरायला येणारी मंडळी, त्यांत चांगली पेन्शनर माणसं, छत्रीच्या मुठीनं फांद्या ओढून झाड ओरबाडून न्यायची. देवाला वाहायची फुलं चोरून आणलेली चालतात, असा कुठला तरी शास्त्रार्थ त्यांनी शोधून काढलेला असावा. एकदा जास्वंदीची अख्खी फांदी मोडून पडलेली दिसली तेव्हा मी रागाच्या भरात ऑइल पेंट आणला. दंड आजवर एकदाही वसूल झालेला नाही. पण पाटी लावल्यापासून ओरडायला आधार मिळाला, एवढं खरं.

तर ती म्हातारी कोण?

मी विचारायला सुरुवात केली. अण्णा म्हणाले, "तगर? मी लावली. डेपोतून फांदी आणली होती, डबल तगर." मी म्हटलं, अण्णा, आपली तगर एकेरी आहे, पाच पाकळ्यांची. ते म्हणाले, पुरानंतर बदलली असेल. वहिनी म्हणाल्या, ती तुमच्या सासूबाईंनी लावली, मला पक्कं आठवतंय, त्यांच्या हाताला गुण होता. सासूबाई आता नाहीत, त्यामुळे हे ऐकायला छान वाटलं आणि म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसेना. गवंडी मामा म्हणाले, "कुणी न्हाई लावली. आपसूक आली." सरांनी तगर आपसूक येत नाही, फांदीनं येते, पावसाळ्यात चटकन धरते, एवढं सांगितलं आणि कुणी लावली या प्रश्नात त्यांना रस नव्हता. तीन दिवसांत चौघांकडून चार उत्तरं मिळाली. त्यात मागच्या पत्र्याच्या खोलीतली एक आजी कुणाच्याच आठवणीत नव्हती. मग मीच म्हटलं, अहो, त्या खोल्यांत कोण कोण होतं, तर वहिनी म्हणाल्या, "एक होती बाई म्हातारी, पोरगी पापडाच्या कारखान्यात जायची... की ती शेजारच्या गल्लीतली?"

शेवटी वही काढली. पहिली वही, २०१२ची, शंभर पानी, वरती गणपतीचं चित्र. २०१९ला ती खालच्या कपाटात होती. पुरानंतर मी ती उन्हात पानं सुटी करून वाळवली होती, फेकवली नाही म्हणून. आता उघडली तर ती भाजलेल्या पापडासारखी वाजते आणि अजूनही गाळाचा वास सोडते. बॉलपेननं लिहिलेलं बरंचसं टिकलंय, शाईपेननं लिहिलेलं सगळं निळं ढग झालंय. आणि मी तेव्हा हौसेनं शाईपेन वापरायचे. जुलै २०१२च्या पानावर 'करंज ४, जांभूळ २' दिसतं. त्याखाली सरांच्या बॉलपेनातला शेणखताचा हिशेब. त्याखाली माझ्या अक्षरातल्या तीन ओळी, पूर्ण पसरलेल्या. एका ओळीच्या शेवटी 'फांद्या ३' वाचता येतं, किंवा तसं मला वाटतं. त्याच्या आधी जे काही होतं ते नाव असेल, 'मागच्या खोलीतल्या आजी' असेल, 'सासूबाई' असेल. भिंग लावून पाहिलं. ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं. यजमान म्हणाले, अगं, दहा फुलांसाठी तू एवढी चौकशी करतेस? मी म्हटलं, दहा नव्हती, पिशवी अर्धी भरली होती.

आपण लावलं असं तिला वाटत असेल, आणि तिनं लावलं नसेल, हेही होऊ शकतं. अण्णांना तसंच वाटतं आणि ते खोटं बोलणारे नाहीत. पण अण्णांना मी खिडकीतून ओरडले नसते. अण्णा रोज सकाळी पूजेला पाच फुलं नेतात, पाटीच्या नाकासमोरून, आणि माझ्याकडं बघून हात हलवतात.

त्यानंतर दोन आठवडे मी साडेपाचला उठून खिडकीशी उभी राहिले. ती काही आली नाही. कुणाकडं तरी चार दिवस आली असेल आणि गेली असेल. एकदा कडी वाजली म्हणून धावले तर पेपरवाला, झाडाआड उभा राहायला आत आलेला. त्या दिवसांत एक गोष्ट दिसली जी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. तगर पहाटेच्या अंधारात आधी दिसते. बाकीची बाग काळी असते, फाटक दिसत नाही, पाटीवरची अक्षरं तर नाहीच नाही, आणि तेवढी पांढरी फुलं अधांतरी लटकल्यासारखी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही त्या वेळी रस्ता सापडेल.

बैठकीत मी विषय काढला नाही. काढला असता तर पाटी काढायची की दंड शंभर करायचा यावर मतदान झालं असतं, आणि इतिवृत्त मलाच लिहावं लागलं असतं.

पण आषाढात एक पाऊस बरा झाला तेव्हा मी तगरीच्या तीन फांद्या कापल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, खालची पानं काढून. कापताना चीक हातावर आला तो तसाच राहू दिला. दुधाच्या पिशव्यांना खाली भोकं पाडली, काळ्या मातीत थोडी वाळू आणि शेणखत मिसळलं, फांद्या खोचून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. तिनं नेली होती तसल्याच पिशव्या, अर्ध्या लिटरच्या. एक फांदी आठवड्यात काळी पडली. दुसरी अजून कसलाच निर्णय घेत नाहीये. तिसरीला काल कोपऱ्यातून पान फुटलं, तांदळाएवढं, पोपटी.

वहिनी पापडाच्या कारखान्यात ओळखीच्या बाईला विचारणार आहेत. कुपवाडला असे कारखाने पुष्कळ आहेत म्हणतात.